तेरवीनंतरचे दिवस

अरुणावतीच्या काठी वसलेल्या आर्णी तालुक्यात, जेथे कापूस आणि सोयाबीन यांच्या भरवशावर अवघ्या वर्षाचा हिशेब मांडला जातो, तेथे कर्जाच्या ओझ्याखाली कर्त्या पुरुषाने स्वतःचे जीवन संपविले, म्हणजे त्याच्या घरी सांत्वनासाठी सोयरे आणि पंचनाम्यासाठी सरकारी माणसे जवळजवळ एकाच वेळी येऊ लागतात. डोळ्यांचे पाणी खळण्यापूर्वीच विधवेला मृत्यूचा दाखला, वारसनोंद, सातबारा आणि बँकेच्या थकबाकीचा कागद यांच्या मागे तहसील कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात. आणि शासनाची १ लाख रुपयांची मदत नाकारण्यात आली, तर त्या मरणाचे कारणही सरकारदप्तरी नाकारले गेल्यासारखे होते, हा घाव माझ्या मते पहिल्याहून फारसा उथळ नसतो.

अशी बाई रडत नाही, नुसती कागद गोळा करते, असे गाव कुजबुजते. शास्त्राचे मत निराळे आहे. शोकाच्या पाच पायऱ्यांचा जो सिद्धान्त सुशिक्षितांच्या तोंडी बसला आहे, तो एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडला तो मुख्यत्वे मरणोन्मुख रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून, मागे राहिलेल्यांच्या अवलोकनावरून नव्हे. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी असे प्रतिपादन केले की शोकाकुल मन गेलेल्या माणसाकडे आणि उरलेल्या संसाराकडे आळीपाळीने वळत असते, आणि ही येरझार हेच प्रकृतीचे लक्षण होय. सकाळी फेरफाराचा अर्ज देणारी आणि रात्री नवऱ्याचा सदरा उराशी धरून बसणारी स्त्री, या दृष्टीने पाहता, एकच कार्य करीत असते.

मात्र काहींच्या बाबतीत ही येरझार थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणानुसार, तीव्र ओढ किंवा मृताविषयीचा अखंड ध्यास निदान सहा महिने, तोही त्या समाजाच्या रूढीत अपेक्षित असलेल्या मुदतीपलीकडे, टिकून नित्याचे जगणे मोडीत काढीत असेल, तर तो दीर्घकालीन शोकविकार समजावा. आपल्याकडे तेरवी झाली की पाहुणे पांगतात. मुस्लिम विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांनी संपते. म्हणजे निदानाची वेळ येते तेव्हा अंगणात विचारपूस करणारे कोणी उरलेले नसते.

प्रत्येक शोकग्रस्ताला समुपदेशन हवे, असे नव्हे. बहुतेक जण आप्तांच्या आधारानेच सावरतात, आणि सरसकट उपचारांचा लाभ अल्प असल्याचे दिसून आले आहे. अडकलेल्यांची गोष्ट वेगळी. कॅथरिन शिअर यांच्या २००५ च्या प्रयोगात मृत्यूची हकिगत पुनःपुन्हा सांगविणाऱ्या, टाळलेल्या जागी नेणाऱ्या आणि पुढील आयुष्याचे बेत आखविणाऱ्या खास उपचाराने ५१ टक्के रुग्णांना गुण आला. सामान्य मानसोपचाराने २८ टक्क्यांना. आत्महत्येनंतर ‘मला आधी कळले कसे नाही?’ हा प्रश्न त्या हकिगतीला सतत चिकटून येतो, म्हणून ऐकणाराही तयारीचा लागतो.

असा ऐकणारा खेड्यात आणावा कोठून? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्ते शिकवून तयार केले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तो प्रयोग शोकाचा नव्हता, तरी वाट तीच आहे. २०१५ पासून शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताईंकडे शेतकरी कुटुंबांची मानसिक विचारपूस सोपविलेली आहे, आणि १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. आशाताईंच्या भेटींच्या यादीत मृत्यूनंतरच्या सहाव्या महिन्याची एक भेट घातली, तर त्यासाठी नव्या खात्याची गरज पडणार नाही.