हार्ड डिस्कची हमी व काकूंचीं गाणीं

एकत्र कुटुंबांत संगणक हा कोणा एकाचा नसतो. मुलांचा अभ्यास, घरखर्चाचा हिशेब, लग्नमुंजींचीं छायाचित्रें हें सारें आमच्याकडे एकाच यंत्राच्या पोटांत सांठवलेलें असे. गेल्या पावसाळ्यांत त्यांतील हार्ड डिस्क कुरकुर करूं लागली. फाइली उघडण्यास विलंब होई. कांहीं तर उघडतच ना. इतर गोष्टींचें एवढें वाटलें नसतें; परंतु कैलासवासी काकूंनीं म्हटलेलीं मंगळागौरीचीं गाणीं त्याच डिस्कवर होतीं, व त्यांची दुसरी प्रत कोणीं करून ठेविली नव्हती.

डिस्क घेऊन दुकानीं गेलों. "काळजी नको, साहेब. तीन वर्षांची हमी आहे; ठेवून जा, बदलून मिळेल," असें दुकानदारानें हंसतमुखानें सांगितलें. आम्ही ठेवून येणारही होतों, इतक्यांत बरोबर आलेला पुतण्या म्हणाला, "पण काका, बदलून येईल ती कोरी असेल!"

तेव्हां कोठें आम्हीं हमीपत्र उघडून वाचलें. त्यांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, हमी वस्तूची आहे, तिजवरील माहितीची नाहीं. जुनी डिस्क परत मिळत नाहीं. बदली येणारी डिस्क दुरुस्त केलेलीही असूं शकते, आणि तिला नवीं तीन वर्षें न मिळतां मूळ मुदतीचे उरलेले दिवसच मिळतात. शिवाय डिस्क उघडली, अथवा तिजवरील चिठ्ठी फाटली, तर हमी बुडाली!

म्हणून डिस्क न उघडतां ती दुसऱ्या संगणकास जोडून जें उतरवितां आलें तें दोन रात्रींत उतरवून घेतलें. (डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र हा उद्योग करूं नये, ती तत्काळ बंद करून जाणत्याकडे न्यावी.) बहुतेक गाणीं हातीं लागलीं, तीन गेलीं तीं गेलींच.

पुढें सेवाकेंद्रांत निराळाच प्रश्न निघाला. तयार संगणकांत बसवून आलेल्या भागाची हमी बहुधा संगणक विकणाऱ्या कंपनीची असते, भाग बनविणाऱ्याची नव्हे. आमचा संगणक दुकानदारानें सुटे भाग जुळवून दिलेला होता, व सुदैवानें पावतीवर डिस्कचा अनुक्रमांक स्वतंत्र लिहिलेला होता. त्या एका ओळीनें आमचें काम झालें. तरीही तीन आठवडे लागले. असा भाग पाठवितांना स्थिरविद्युतरोधक पिशवींत घालावा, भोंवतीं स्पंज भरावा, तक्रारीचा क्रमांक खोक्यावर लिहावा आणि पोंच जपून ठेवावी.

हमी असूनही कोणी दाद न दिल्यास गृहस्थानें हात जोडून परत येऊं नये. बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यास १९७४ सालीं ग्राहक पंचायत स्थापिली. पुढें १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, व त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलांत आहे. त्यान्वयें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते, आणि वस्तूची किंमत पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही पडत नाहीं. तत्पूर्वीं १९१५ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर फोन करून पाहावा.

परंतु कायदाही डिस्कच्या किंमतीपलीकडचें फारसें कांहीं परत देऊं शकत नाहीं. ज्या घरीं वडीलधाऱ्यांचे आवाज एकाच ठिकाणीं सांठविलेले असतील, त्यांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं दुसरी प्रत करण्यास मुलांस सांगावें. आमच्या घरीं त्या तीन गाण्यांचे शब्द मातोश्री आठवून सांगत आहेत व सुना लिहून घेत आहेत. काकूंचा आवाज मात्र त्यांत यावयाचा नाहीं.