चहा घ्या, पण वेळ पाहून

माजरीत घरांचा दिवस खाणीच्या पाळ्यांवर चालतो. पहिल्या पाळीचा डबा भरताना एक चहा, दुसऱ्या पाळीला निघताना एक, रात्रपाळीच्या आधी आणखी एक. पाहुणा आला तर त्याचा वेगळाच. इतकी घरची झालेली ही वस्तू आली तरी कुठून?

नावातच प्रवास

चहा मूळचा चीनचा. तिथे बहुतेक भागांत त्याला ‘चा’ म्हणतात. खुश्कीच्या मार्गाने तो इराणात पोचला आणि ‘चाय’ झाला. उर्दूत तोच शब्द आला. चीनच्या फुजियान किनाऱ्यावर मात्र ‘ते’ म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी माल जहाजाने युरोपात नेला, म्हणून इंग्रजांची ‘टी’.

कॉफीचे झाड इथिओपियाचे, पण पेय म्हणून ती रुजली येमेनमध्ये. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून कहवा पीत. जुन्या अरबीत ‘कहवा’ हा शब्द मद्यासाठीही होता, त्यामुळे काहींना शंका आली. 1511 मध्ये मक्केतील अधिकारी खैर बेग यांनी कहव्यावर बंदी घातली, पण कैरोहून ती सैल झाली. 1550 च्या दशकात इस्तंबूलमध्ये कहवाखाने उघडले.

आपल्या मातीत

सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी बुजुर्गांनी हजहून परतताना मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. तो डोंगर आज बाबाबुदनगिरी म्हणून ओळखला जातो. आपल्या विदर्भातही कॉफी होते. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून तिची लागवड आहे.

आसामातील सिंगफो लोक चहा आधीपासूनच पीत होते. 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूस यांना तिथली झाडे कळली, आणि 1839 मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये लिलाव झाला. तेव्हा तो परदेशासाठी पिकत होता. आज देशात पिकणाऱ्या चहाचे सुमारे पाचपैकी चार भाग आपणच पितो.

ज्याची त्याची रीत

मोरोक्कोत हिरव्या चहात पुदिना आणि भरपूर साखर घालतात. तिबेटात चहात लोणी आणि मीठ, तर काश्मीरचा गुलाबी नून चहा मीठ आणि चिमूटभर सोड्याचा. तुर्कस्तानात कमरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यात कोरा चहा देतात. इथिओपियात पाहुण्यांसमोरच कॉफीच्या बिया भाजतात आणि तीन वेळा कॉफी वाढतात.

खरा प्रश्न वेळेचा

सूफींनी कहवा जागण्यासाठी घेतला, भूक मारण्यासाठी नव्हे. आपल्याकडे मात्र चहा न्याहारीच्या जागी बसला आहे. शाळेत दुसऱ्याच तासाला बाकावर डोके टेकणाऱ्या मुलांना विचारले, तर उत्तर येते, ‘चहा-टोस्ट खाऊन आलो.’ त्या कपाने भूक दबते, वाढत्या शरीराला मिळत काहीच नाही.

दुसरी गोष्ट लोहाची. चहा-कॉफीतील तुरट द्रव्ये पालेभाज्या, डाळी आणि धान्यातील लोह शरीरात शोषू देत नाहीत. दूध घातले म्हणून हा दोष पुरता जात नाही. मेथीची भाजी खाल्ली आणि हात धुताच चहा घेतला, तर मेथीचा बराचसा फायदा वाया गेला. घरात रक्त कमी असते ते बहुधा बायका-मुलींचेच, आणि सर्वांचे झाल्यावर उरलेल्या पोळीबरोबर चहा पिणाऱ्याही त्याच.

उपाय बिनखर्चाचा आहे. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे. जेवताना वरून लिंबू पिळावे, त्याने लोह चांगले शोषले जाते. लोहाची गोळी पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर कधीच नाही. रमजानमध्ये इफ्तारचे जेवण होताच चहा न घेता तरावीहनंतर घेतला, तर हे अंतर आपोआप पडते. मात्र तो हलका असावा, कारण चहा-कॉफीतील कॅफिनपैकी साधारण निम्मे पाच तासांनंतरही अंगात असते. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यांनीही पाळीच्या शेवटच्या तासांत चहा टाळावा.

चहा सोडा असे कोणी म्हणत नाही. पाहुण्याला तो द्यावाच. फक्त मुलांच्या हातात कपाआधी भाकरी द्यावी, आणि घरातल्या बाईने आपला चहा जेवणानंतर तासाभराने, निवांत बसून घ्यावा.