भट्टीचा हिशोब तुमच्या मोबाइलवर!

जव्हार-मोखाड्यातल्या दोस्तांनो, दिवाळीनंतर तुमच्याही घरचे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात? आधी बयाणा, मग आठवड्याची खर्ची आणि पावसाळ्याच्या तोंडावर हिशोब. तोही मालकाच्या वहीतला! वेठबिगारीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. पण बयाणा फिटला की नाही, हे आपल्याकडे आकडे असले तरच कळतं.

गूगल शीट्समध्ये फाइल ऑफलाइन ठेवा, म्हणजे रेंज नसली तरी चालेल. रकाने चारच : तारीख, बयाणा, खर्ची, विटा. विटांना हजारने भागा, हजारी दराने गुणा. त्यातून बयाणा आणि खर्ची वजा करा. उरली ती घरच्यांची मजुरी.

दर आठवड्याला आईबाबांना फोन कराल, तेव्हा जेवणाबरोबर विटांचा आकडाही विचारा. हिशोबाच्या दिवशी मालकाच्या वहीसमोर तुमचाही मोबाइल असू द्या!