नवी रीत शोधण्याची नोकरी



संगणकाची पदवी हाती आली की घरात पहिला प्रश्न निघतो, "आता नोकरी कधी?" हा प्रश्न चुकीचा नाही. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकविलेले असते. परंतु संगणक म्हणजे केवळ कंपनीची नोकरी, हा समज आपण दूर केला पाहिजे. विद्यापीठांत व संशोधन संस्थांत अल्गोरिदम शोधण्याचेही पगारी काम असते. त्याची माहिती आपल्या वस्तीपर्यंत फारशी पोहोचत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

अल्गोरिदम म्हणजे प्रश्न सोडविण्याची पायरी-पायरीची निश्चित रीत. समजा, निकालाच्या यादीत दहा लाख आसन क्रमांक चढत्या क्रमाने छापले आहेत. पहिल्यापासून एकेक पाहत गेलो तर दहा लाख वेळा पाहण्याची पाळी येऊ शकते. त्याऐवजी मधला क्रमांक पाहावा. आपला क्रमांक त्याहून लहान असेल तर पुढचा अर्धा भाग सोडावा, मोठा असेल तर मागचा. असे करीत गेल्यास जास्तीत जास्त २० वेळा पाहून काम होते. यादी तीच, फरक रीतीचा!

अशी रीत शोधणे आणि ती नेहमी बरोबर उत्तर देते, ठराविक वेळेत देते, हे सिद्ध करणे हे या संशोधकाचे काम. ते बरेचसे कागद-पेन्सिल आणि फळ्यावर चालते.

कानपूरच्या आयआयटीचे उदाहरण पाहा. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ओळखण्याच्या रीती पूर्वीही होत्या. पण काही यदृच्छेवर अवलंबून होत्या, काही सिद्ध न झालेल्या गृहीतकावर, तर काहींना मोठ्या संख्यांसाठी लागणारा वेळ आटोक्यात राहील याची हमी नव्हती. ऑगस्ट २००२ मध्ये प्रा. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी या तिन्ही उणिवा नसलेली रीत मांडली. कयाल व सक्सेना यांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केले होते! २००६ मध्ये तिघांना गोडेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात अधिक वेगामुळे जुन्या यदृच्छ रीतीच वापरल्या जातात, तरी शतकानुशतकांचा प्रश्न मिटला. कंपनी उद्याच्या उपयोगाचे पाहते. संशोधकाला खोलवरचा प्रश्न धरून बसण्याची मुभा असते.

मार्ग असा: पदवी, मग गेट, जेस्ट किंवा नेट परीक्षा, मुलाखत आणि पीएच.डी. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व आयआयटी येथे हे काम चालते. पीएच.डी.ला साधारण पाच वर्षे लागतात, त्यानंतर बहुधा दोन-तीन वर्षे पोस्ट-डॉक्टरल काम, आणि मग सहायक प्राध्यापकपद. वाट लांब आहे आणि कायम जागा थोड्या आहेत, हेही आम्ही स्पष्ट सांगतो.

पण ही वर्षे बिनपगारी नसतात. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये आहे. पुण्याची बार्टी संस्थाही अनुसूचित जातीच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते.

तयारी आजच करा. गणित टाळू नका. उत्तर आले की ते का आले हे लिहून काढा. एनपीटीईएलची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. आणि पालकहो, मुलगा वा मुलगी "मला अजून शिकायचे आहे" म्हणाली, तर नकार देण्यापूर्वी हे आकडे तिच्यासोबत बसून एकदा जरूर पाहा.