विश्लेषण : पडद्यावर किल्ट दिसला की हसू का येते? असईशी त्याचा संबंध काय?

कंजूष, तापट, गोल्फवेडा, काय बोलतो ते न समजणारा आणि घागऱ्यासारखा किल्ट घालणारा. जुन्या विनोदी चित्रपटांत आणि कार्टूनमध्ये स्कॉटिश माणूस बहुधा याच साच्यात दिसतो. मोबाइलवर या क्लिप्स आजही फिरतात. मात्र हसनाबादपासून फार दूर नसलेल्या असईच्या रणांगणावर याच किल्टवाल्यांच्या पलटणी लढल्या आणि शेकडोंनी पडल्या. लढाईतला पोशाख हशाचा विषय कसा झाला आणि मराठवाड्याने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

किल्ट विनोदी पडद्यावर कसा आला?

मराठी प्रेक्षक ज्यांना ‘जाड्या-रड्या’ म्हणून ओळखतो, त्या हार्डी आणि लॉरेल यांचा ‘पुटिंग पँट्स ऑन फिलिप’ हा मूकपट १९२७ मध्ये आला. किल्ट घातलेला लॉरेल स्कॉटलंडहून अमेरिकेत येतो. त्याला पाहायला रस्त्यावर गर्दी जमते आणि ओशाळलेला मामा हार्डी त्याला पँट शिवून घ्यायला शिंप्याकडे ओढत नेतो. वाऱ्याने किल्ट उडतो, हा त्यातला हुकमी विनोद. पुढे १९३५ च्या ‘बॉनी स्कॉटलंड’मध्ये ही जोडी चुकून स्कॉटिश पलटणीत भरती होते आणि थेट हिंदुस्थानात पोहोचते. विशेष म्हणजे लॉरेल जन्माने इंग्लिश असला तरी त्याने रंगमंचावर पहिले पाऊल ठेवले ते १९०६ मध्ये, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात.

कार्टूनमध्ये हा साचा कसा दिसतो?

१९४८ च्या एका कार्टूनमध्ये चुकून स्कॉटलंडला पोहोचलेल्या बग्ज बनीला बॅगपाइप वाजवणारा माणूस दिसतो. एखाद्या बाईवर राक्षसाने हल्ला केला आहे असे समजून तो त्या वाद्यावरच तुटून पडतो. त्याआधी वर्षभर, डिसेंबर १९४७ मध्ये, कार्ल बार्क्स यांनी स्क्रूज मॅकडक हे बदक जन्माला घातले. अफाट श्रीमंत, पण पै पै धरून ठेवणारा हा ‘अंकल स्क्रूज’ भारतात नव्वदच्या दशकात दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला. त्याचे स्कॉटिश असणे आणि चिकट असणे हा योगायोग नव्हता. तो विनोद तोपर्यंत बराच जुना झाला होता.

या पोशाखाकडे आधी कसे पाहिले जाई?

अठराव्या शतकात लंडनच्या राज्यकर्त्यांना हा पोशाख बंडखोरीची खूण वाटत होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील, म्हणजे हायलँडमधील बंड १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत मोडून काढण्यात आले. त्यानंतर कायदा करून तेथील पुरुषांना आणि मुलांना हा पोशाख घालण्यास बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार रवानगी. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली. सूट होती ती फक्त सैनिकांना. गावात किल्ट घालणे गुन्हा, पण राजाच्या फौजेत घातला तर चालेल, असा हा न्याय होता. त्यामुळे किल्ट जगभर गेला तो पलटणींबरोबर.

असईत काय घडले?

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीच्या फौजेची गाठ दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले यांच्या सैन्याशी पडली. कंपनीच्या बाजूने ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. मराठ्यांच्या तोफांनी ७४ व्या पलटणीची अक्षरशः चाळण केली. सुमारे ५०० पैकी जवळपास ४०० जण ठार किंवा जखमी झाले. लढाई कंपनीने जिंकली. पुढे या पलटणींना ‘असई’ लिहिलेले, हत्तीचे चिन्ह असलेले खास निशाण देण्यात आले.

येथील उन्हात या पलटणी अनेकदा किल्ट बाजूला ठेवून साध्या तुमानी घालत. तरीही त्यांची ओळख किल्टचीच राहिली. हिंदुस्थानी बोलीत त्यांना नाव पडले ‘घागरा पलटण’. या नावात थट्टा होती, पण समोरचा बंदूक घेऊन उभा आहे याची जाणीवही होती.

मग नुसती थट्टा कधी उरली?

धोका संपल्यावर. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि चक्क किल्ट घालून मिरवला. व्यंगचित्रकारांनी त्याची यथेच्छ टर उडवली. १८६८ मध्ये ‘पंच’ या लंडनच्या साप्ताहिकाने, शहरात आल्यावर सहा पेनी खर्च झाले म्हणून हळहळणारा स्कॉटिश माणूस रंगवला. गावाकडचा माणूस राजधानीत आला की त्याचे कपडे, बोली आणि काटकसर हास्यास्पद ठरते, हे सूत्र तेव्हा पक्के झाले.

पुढे हॅरी लॉडर या स्कॉटिश कलावंतानेच किल्ट, वाकडी काठी आणि चिकटपणाचे विनोद यांवर जगभर नाव आणि पैसा कमावला. याच लॉडरचा एकुलता एक मुलगा डिसेंबर १९१६ मध्ये हायलँड पलटणीचा अधिकारी म्हणून पहिल्या महायुद्धात मारला गेला. वडील त्यानंतरही तोच किल्ट घालून लोकांना हसवत राहिले.

मराठवाड्याला हे ओळखीचे का वाटावे?

धोतर, टोपी आणि गावरान बोली दिसली की हशा पिकवायचा, ही रीत मराठी पडद्यालाही नवी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘तुम्हाला कोण व्हायचंय?’ या गाजलेल्या लेखात मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर असे पर्याय आहेत. मराठवाडेकर त्यात नाहीच.

या प्रदेशाने आपले हसू स्वतः उभे केले. छत्रपती संभाजीनगरचे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाड्यातील खेड्यातले वऱ्हाड थेट विलायतेला नेले आणि एकट्याने ५२ पात्रे साकारली. परक्या शहरात पोहोचलेला गावकरी हा प्रसंग लॉरेलच्या मूकपटासारखाच. पण येथे सांगणारा त्याच मातीतला होता. प्रेक्षक हसले ते आपल्याच काका-मामांना ओळखून. दादा कोंडके यांनीही लोंबती नाडी आणि ढगळ चड्डी घालून तेच केले. त्यांचा खेडूत वेंधळा वाटतो, पण शेवटी बाजी तोच मारतो.

मुद्दा काय?

पोशाखावर, बोलीवर विनोद होणारच. बग्ज बनी ज्याला राक्षस समजला, तो बॅगपाइप आज भारतीय लष्कराच्या बँडमध्ये दिमाखात वाजतो. म्हणजे वस्तू तीच असते, पाहणारा बदलतो. हसताना एवढे तपासावे की विनोदातल्या माणसाला स्वतःचे नाव, स्वभाव आणि शहाणपण आहे, की नुसते कपडे आहेत. हसनाबादच्या पोराची बोली एखाद्या रीलमध्ये हशासाठी वापरली जाते, तेव्हाही हीच कसोटी लागू होते.