मोटर चालवते, पण विद्युतप्रवाह ठरवतो प्रोपेलर

विजेवर उडणाऱ्या रेडिओ-नियंत्रित विमानासाठी ब्रशलेस मोटर निवडताना नवखा हौशी बहुधा तिच्यावर छापलेला ‘केव्ही’चा आकडा पाहतो आणि मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद असे गृहीत धरतो. विद्युत अभियंत्यांचीही येथे फसगत होते, कारण हा केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. भार नसताना मोटर प्रत्येक व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे घेईल, एवढेच तो सांगतो. कमी केव्हीची मोटर मोठा प्रोपेलर सावकाश फिरवते, जास्त केव्हीची मोटर लहान प्रोपेलर वेगाने. शक्तीचा हिशेब वेगळाच आहे.

तो विमानाच्या वजनापासून सुरू होतो, आणि वजन बॅटरीसकट धरावयाचे. (अमेरिकेत ते २५० ग्रॅम वा अधिक भरले, तर उड्डाणापूर्वी एफएएकडे नोंदणीही करावी लागते.) शिकाऊ विमानाला किलोमागे दीडशे ते दोनशे वॅट पुरतात, कसरतींसाठी अडीचशे-तीनशे लागतात. सव्वा किलोच्या शिकाऊ विमानाला सुमारे सव्वादोनशे वॅट द्यावयाचे, तर तीन घटांच्या ११.१ व्होल्ट लिथियम-पॉलिमर बॅटरीतून २० अँपिअर प्रवाह घ्यावा लागेल. वेगनियंत्रक, म्हणजे ईएससी, मात्र ३० अँपिअरचा असावा.

हे २० अँपिअर खरोखर किती होतील, हे प्रोपेलर ठरवतो. ‘१० बाय ५’ म्हणजे दहा इंच व्यास आणि पाच इंच पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात, घसरण न धरता, कापले जाणारे अंतर. मिनिटाला ८५०० फेऱ्यांना हा वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर होतो. ताशी २५ किलोमीटरखाली उचल गमावणाऱ्या शिकाऊ विमानाला तो पुरेसा आहे.

खरा धोका व्यासात आहे. प्रोपेलरला लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने वाढते. दहाऐवजी अकरा इंची प्रोपेलर त्याच फेऱ्यांना जवळपास दीडपट शक्ती मागतो. मोटर ‘हे मला झेपत नाही’ असे म्हणत नाही. फेरे टिकविण्याच्या धडपडीत ती प्रवाह ओढत राहते. मग गुंडाळीवरचे वार्निश जळते, चुंबक क्षीण होतात, ईएससी निकामी होतो किंवा बॅटरी फुगते. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. तोच प्रोपेलर ठेवून तीनऐवजी चार घटांची बॅटरी जोडली, तरी प्रवाह दीडपटीच्या आसपास चढतो. घट वाढविले की प्रोपेलर लहान करावयाचा, तो यासाठी.

उत्पादकाच्या तक्त्यावर विसंबण्यापेक्षा बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये वॉटमीटर जोडावा. पूर्ण भारित बॅटरी, घट्ट धरून ठेवलेले विमान आणि जेमतेम दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल एवढ्यात आकडा मिळतो. प्रोपेलरच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या प्रतलात कोणीही उभे राहू नये. प्रवाह मोटरच्या मर्यादेपलीकडे गेला, तर व्यास किंवा पिच एकेक इंचाने उतरवीत पुन्हा मोजावे. हवेत विमान पुढे सरकत असल्याने भार सहसा थोडा हलका होतो, त्यामुळे जमिनीवर मोजलेला आकडा सुरक्षित बाजूचा असतो.