मुलांच्या वह्या आणि पालकांची धास्ती: प्राथमिक शाळेतल्या शुद्धलेखनाविषयीचे गैरसमज

परभणी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांपैकी कुठेही जा, शाळा जिल्हा परिषदेची असो की खासगी, पालकसभेत वहीवरून होणारी तक्रार साधारण एकाच वळणाची असते. ऱ्हस्व-दीर्घ चुकते, पूर्णविराम सापडत नाही, निबंध चार ओळींत आटोपतो आणि शिक्षक मात्र म्हणावे तितके रागावत नाहीत. ही काळजी रास्त आहे. पण तिच्या आडून काही समजुती घरोघर फिरतात आणि त्यांच्यापायी मुलांचे लिहिणेच आखडते. म्हणून त्या तपासून पाहायला हव्यात.

"पहिली-दुसरीत चूक चालवून घेतली, की ती जन्माची सवय होते."

ही समजूत पटते, कारण हाताला लागलेले वळण सुटत नाही, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. पाटीवर उलटे गिरवलेले अक्षर पुसून पुन्हा काढायला लावणारी शाळा आजच्या बहुतेक पालकांनी पाहिली आहे. पण अक्षर गिरवणे आणि मनातले लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत. मनातले लिहिताना सहा वर्षांच्या मुलाला काय सांगायचे ते ठरवावे लागते, त्यासाठी शब्द शोधावा लागतो, त्यातले आवाज वेगळे करावे लागतात आणि मग प्रत्येक आवाजाचे अक्षर आठवावे लागते. या धडपडीत 'विहीर'ची 'वीहिर' होते. मुलाने शब्द कानाने नीट ऐकला आहे, अक्षरे जागेवर आहेत, फक्त वेलांट्यांची अदलाबदल झाली आहे, एवढाच तिचा अर्थ. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये ठरवलेल्या अध्ययन निष्पत्तींत पहिली-दुसरीच्या मुलाने चित्रे, रेघोट्या, अक्षरासारखे आकार आणि स्वतःच्या अंदाजाने केलेले शब्दलेखन यांतून व्यक्त होणे हा लेखनाचा अपेक्षित टप्पा मानला आहे. म्हणजे शिक्षक दुर्लक्ष करत नसतात. आधी काय आणि नंतर काय, याचा तो क्रम असतो. तिसरी-चौथीपर्यंत वाचन वाढते, तोच शब्द बरोबर लिहिलेला शेकडो वेळा डोळ्यांखालून जातो आणि बऱ्याच चुका आपोआप गळतात. ज्या उरतात, त्या तेव्हा दाखवाव्यात. एका वेळी एक प्रकारची चूक पुरे. प्रत्येक ओळ लाल झालेली वही पाहिली, की मूल हुशारीने एक पळवाट शोधते: येतात तेवढेच शब्द वापरायचे. मग चार ओळींचा निबंध दोन ओळींवर येतो.

"आपल्याकडची बोलीच अशुद्ध, मग लेखन शुद्ध कुठून येणार?"

या समजुतीने इतर सगळ्या समजुतींपेक्षा जास्त नुकसान केले आहे. ती खरी वाटते, कारण परभणीचे मूल 'मी अभ्यास करायलो' म्हणते आणि पुस्तकात 'मी अभ्यास करत आहे' असे छापलेले असते. दोन्हींत फरक आहे, म्हणून एक चूक ठरवले जाते. प्रत्यक्षात 'करायलो' हे रूप ठरलेल्या नियमाने चालते. जायलो, खायलो, बघायलो. क्रियापद कोणतेही घ्या, साचा तोच, आणि बोलणारी मुलगी असेल तर शेवट ठरल्याप्रमाणे बदलतो. नियम न कळता कोणी हे बोलू शकणार नाही. म्हणजे शाळेत येण्याआधीच मूल एक व्याकरण पुरते आत्मसात करून आलेले असते. शाळेने त्याला दुसरे, लेखनासाठी सगळ्या महाराष्ट्राने मान्य केलेले व्याकरण द्यायचे असते. पहिले पुसायची त्यासाठी गरज नाही. 'घरी असे म्हणतो, वहीत असे लिहितो' ही जोडी मुलाला सहज कळते. घरी गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलांना तर दोन भाषांमध्ये ये-जा करण्याची सवय लहानपणापासूनच असते.

बोलीला लेखनात जागा नाही, हेही खरे नाही. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातले जगणे याच मातीतले आहे. खुद्द शासनमान्य लेखननियमांनीही पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक दिली आहे. मुलाने गोष्टीत आजीच्या तोंडी आजीचीच भाषा घातली, तर ती खोडू नये.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. 'न' आणि 'ण' घरी एकसारखे उच्चारले जात असतील, तर ते कानाने वेगळे कळत नाहीत. 'पाणी' वहीत 'पानी' होते. इथे 'नीट बोल' म्हणून ओरडून काही साधत नाही. अर्थ बदलणाऱ्या जोड्या समोरासमोर लिहून दाखवाव्यात: मन आणि मण, खून आणि खूण. कान जिथे कमी पडतो, तिथे डोळा शिकतो.

"ऱ्हस्व-दीर्घाला नियम नसतो, शब्द पाठ करायचे आणि चुकला की शंभर वेळा लिहायचा."

पालकांना असे वाटते, कारण बहुतेकांना कोणी नियम सांगितलेच नाहीत, फक्त शिक्षा सांगितली. शंभर वेळा लिहिताना तिसऱ्या ओळीपासून हात एकटाच चालतो, मन दुसरीकडे जाते. कधी कधी तर शंभर वेळा लिहिलेला शब्दच चुकीचा असतो. खरे तर मराठीतले बहुसंख्य ऱ्हस्व-दीर्घ मोजक्या नियमांत बसतात आणि त्यांची उदाहरणे परभणीच्या प्रत्येक शेतात आहेत. ऊस, तूर, मूग, पीक, जमीन, विहीर हे शब्द पाहा. शेवटचे अक्षर अकारान्त, म्हणून त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. आता प्रत्यय लावा: उसाला, तुरीचा, मुगाची, पिकावर, जमिनीत, विहिरीत. शब्द पुढे वाढला, की तो दीर्घ ऱ्हस्व होतो. गरीब-गरिबाला आणि फूल-फुलाला हेही त्याच वाटेने जातात. मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ: पाटी, सेलू, परभणी. अनुस्वार किंवा जोडाक्षर यांच्या आधीचा ऱ्हस्व: भिंत, लिंबू, कुस्ती, जिंतूर.

अपवाद आहेत, आणि ते मुख्यतः संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचे. गुण, विष, मंदिर यांत अकारान्ताआधी ऱ्हस्व आहे; 'पूर्णा'त जोडाक्षराआधी दीर्घ आहे. 'आणि', 'परंतु' यांचा शेवट ऱ्हस्व आहे. असे शब्द मात्र लक्षातच ठेवावे लागतात. पण आठवीत पोचेपर्यंत हजारो शब्द पाठ करण्यापेक्षा चार नियम आणि मूठभर अपवाद हे ओझे कितीतरी हलके आहे. जिंतूर आणि पूर्णा हे दोन तालुके एकाच नियमाचे उदाहरण आणि अपवाद आहेत, एवढे सांगितले तरी इथल्या मुलाच्या ते कायम लक्षात राहील.

"नियम दरवर्षी बदलतात, म्हणून आमचे शिकलेले आता उपयोगाचे नाही."

आजोबा 'नांव', 'पांच', 'कांही' लिहितात, नातू 'नाव', 'पाच', 'काही' लिहितो. तेव्हा कोणाचे तरी चुकले असणार, असे घरात ठरते. चूक कोणाचीच नसते. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले १४ लेखननियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार तेव्हा गळले. आज शाळेत चालतात ते हेच १८ नियम. जे अनुस्वार ठेवले, त्यांना काम आहे: 'शिक्षकाचे' आणि 'शिक्षकांचे' यांतला फरक त्या एका टिंबावर उभा आहे. पुढे २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' यांना रीतसर जागा मिळाली, म्हणून मुलाच्या तक्त्यावर १२ ऐवजी १४ स्वर दिसतात. तो तक्ता चुकलेला नाही.

"विरामचिन्हे शोभेची; अर्थ तर तसाही कळतो."

जुन्या पोथ्यांचे दंडांवर भागत असे आणि आज मोबाइलवरचे निरोप चिन्हांवाचून जातात, म्हणून असे वाटते. 'जाऊ नको घरी थांब' हे वाक्य घ्या. 'जाऊ नको, घरी थांब' आणि 'जाऊ नको घरी, थांब' यांत मुलगा संध्याकाळी कुठे सापडेल, ते बदलते. तिसरीपर्यंत पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह, चौथी-पाचवीत स्वल्पविराम, उद्गारचिन्ह आणि अवतरणचिन्हे एवढे आले, तरी प्राथमिक शाळेपुरते भागते. चिन्हांइतकीच शब्दांमधली मोकळी जागाही महत्त्वाची आहे: 'झाडाखाली', 'शाळेमध्ये' एकत्र लिहायचे; 'झाडा खाली' नव्हे.

"अक्षर मोत्यासारखे, म्हणजे लेखन उत्तम."

सुवाच्य अक्षर हवेच. पण मार्गदर्शकातला निबंध सुंदर अक्षरात उतरवणारे मूल लिहीत नसते, उतरवून काढत असते. आपल्या गावच्या बाजाराविषयी वेड्यावाकड्या अक्षरांत स्वतःची पाच वाक्ये मांडणारे मूल लेखनात त्याच्या पुढे आहे.

"आता कोणी नापास होत नाही, म्हणून शुद्धलेखन तपासतच नाहीत."

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मागे ठेवणे थांबवले, त्यावरून मूल्यमापनच थांबले असा समज झाला. राज्याच्या २०१० च्या शासन निर्णयाने ठरलेल्या पद्धतीत पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला आणि ३० संकलित चाचणीला दिले. तिसरी-चौथीला हे प्रमाण ६० आणि ४०, पाचवीला निम्मे-निम्मे. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, रोजचे निरीक्षण सारे येते. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षाही सुरू झाली आहे. शाळेत जाऊन 'किती मार्क पडले' याऐवजी 'वर्णनात्मक नोंद दाखवा' म्हणावे. मूल कुठे अडते, ते तिथे लिहिलेले असते.

"आम्हीच शिकलेलो नाही, आम्ही यात काय मदत करणार?"

गंगाखेड, सोनपेठ, पालमकडच्या ऊसतोड कुटुंबांत हे वाक्य नेहमी ऐकू येते आणि ते बोलणाऱ्याला दोष देता येणार नाही. घरात पुस्तक नाही, दिवाळीनंतर घरदारच फडावर जाते. तरीही लेखनाचा निम्मा पाया बोलण्या-ऐकण्यात असतो, आणि तो घालायला अक्षरओळख लागत नाही. याच गंगाखेडच्या जनाबाईंच्या नावाने जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायकांना वाक्य कुठे थांबते, हे कधी वहीतून शिकावे लागले नाही. मुलाने लिहिलेले त्याला मोठ्याने वाचायला सांगावे. वाचताना त्याला दम लागला, तर तिथे पूर्णविराम राहिलेला असतो. ऐकणाऱ्याला 'कोण गेलं?' असे विचारावे लागले, तर वाक्यात कर्ता नसतो. 'मग काय झालं?' या प्रश्नातून पुढची ओळ निघते. मूल गावी हंगामी वसतिगृहात आणि आईवडील कारखान्याच्या फडावर असतील, तरी संध्याकाळच्या फोनवर जेवणाची चौकशी झाल्यानंतर हे करता येते: आज काय लिहिलेस ते विचारावे आणि मूल वाचत असताना मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकावे.